टीव्हीची पाठ

"तुला गिऱ्हाईक काय म्हणतंय ते तरी कळंल का गं?" अण्णांनी विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आधीच पानाला चुना लावायला खाली मान घातली.

माणसानं खाली मान घातली की ओठ दिसत नाहीत, आणि ओठ दिसले नाहीत की मला निम्मंच कळतं. म्हणून मी काउंटरवर वाकले, मान वाकडी करून त्यांच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि म्हटलं, "वर बघून बोललात तर सगळं कळतं. गिऱ्हाईक वर बघूनच बोलतंय. खाली मान घालून बोलणारे तुम्ही एकटेच आहात दुकानात."

अण्णा म्हणजे दौलतअण्णा खवरे. जयसिंगपुरात त्यांचं टीव्ही-फ्रिजचं दुकान. मी तिथं सहा वर्षं पुसापुशीला होते. आठ वर्षांची असताना गालगुंड झालं, त्यात डावा कान पार गेला. उजव्यात मशीन घालते, त्यातून आवाज येतो, पण गोधडीखालून कुणी बोलल्यासारखा. बाकीचं मी ओठांवरून ओळखते. कान गेला म्हणून अक्कल गेली नव्हती, पण हे लोकांना पटवायचं म्हणजे रोजचीच कटकट.

ऐकू न येण्याचं मला एवढं काही वाटत नाही. मला राग येतो तो एका उत्तराचा. चार माणसं बोलत असतात, हसतात, मी विचारते, "काय झालं?" आणि उत्तर येतं, "काही नाही." लग्नात काही नाही, मयतीत काही नाही, घरात काही नाही. आईसुद्धा म्हणायची, "काही नाही गं, तुझं चालू दे." परत सांगायचा कंटाळा येतो लोकांना. तीस वर्षं मी "काही नाही" ऐकत आले होते, आणि ते मात्र मला न चुकता ऐकू यायचं.

पुढं शोरूममध्ये उभा राहणारा एक माणूस त्या महिन्यात सोडून गेला होता. त्याच्या जागी मला उभं राहायचं होतं. गिऱ्हाईकाला विकत घ्यायचं असतं, त्यामुळं ते पूर्ण वाक्य बोलतं, दोनदा विचारलं तर दोनदा बोलतं. मला माणसांशी पूर्ण वाक्यात बोलायचं होतं, एवढंच. पण हे अण्णांना सांगून त्यांना काय कळणार होतं?

"निवास, बघ बाबा, वैजू टीव्ही विकणार म्हणती," अण्णा म्हणाले.

निवास आमचा मुख्य सेल्समन. त्याच्या मिशा ओठांवरून खाली उतरलेल्या, त्यामुळं तो काय बोलायचा हे मला सहा वर्षांत कधी नीट कळलं नव्हतं. त्या वेळी मिशा वर गेल्या, म्हणजे हसला.

"हसतोस काय? अण्णा, घ्या माझी परीक्षा," मी म्हटलं.

अण्णांनी पान तोंडात टाकलं आणि या खेपेला वर बघून बोलले. "बरं. दसऱ्याला सव्वा महिना हाय. टीव्हीच्या पाठीमागं जेवढी भोकं हायत, त्यातल्या कुठल्यात काय जातं आणि कशापायी, हे सगळं मला सांगून दाखव. जमलं तर दसऱ्यापास्नं पुढं उभी ऱ्हा. न्हाई जमलं तर परत विषय काढायचा न्हाई."

"ठरलं," मी म्हटलं.

लोक टीव्हीचं तोंड बघतात, पण मी सहा वर्षं त्याची पाठ पुसली होती. कुठलं भोक कुठं आहे हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं, फक्त नावं आणि कामं माहीत नव्हती. मी दोनशे पानी वही घेतली. इंग्रजी नववीपर्यंतचं. प्रत्येक भोकाशेजारी कोरलेलं नाव वहीत उतरवून घ्यायचं आणि मागच्या खोलीत रसूलचाचांकडं न्यायचं. चाचा दुरुस्तीचं काम करायचे. त्यांना दाढी होती, पण ओठ मोकळे होते, आणि मला कळलं नाही तर खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवायचे. त्यांच्याएवढा धीर माझ्या घरातल्यांनाही नव्हता.

पिवळी वायर चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. नव्या टीव्हीला पिवळं भोक दिसलं नाही तर घाबरायचं नाही, पिवळी हिरव्यात घालायची, आणि मग चित्र काळं-पांढरं आलं तर रिमोटवर एव्ही निवडायचं. एचडीएमआय म्हणजे एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही. त्यातल्या एका भोकाशेजारी एआरसी लिहिलेलं असतं. त्यातून टीव्हीचा आवाज त्याच वायरीनं उलटा बाहेरच्या स्पीकरकडं जातो. चाचा म्हणाले, "सांगलीची एसटी ज्या रस्त्यानं जाती, त्याच रस्त्यानं परत येती का नाही? तसंच." एचडी रेडी आणि फुल एचडीतला फरक मी माझा मीच लावला. दोन बायकांनी सारख्याच अंगणात रांगोळी काढली, एकीनं थोडे ठिपके मोजले, दुसरीनं दुप्पट. दुसरीची, म्हणजे फुल एचडीची, वेल गुळगुळीत येणार.

महिन्याभरात वही निम्मी भरली. एकाच शब्दाशी अडले. त्या वर्षी पहिल्यांदाच दुकानात आलेल्या एका मोठ्या टीव्हीला एक चौकोनी भोक होतं, त्याला इवलंसं दार, शेजारी लिहिलेलं ऑप्टिकल. निवासला विचारलं. मिशा हलल्या. परत विचारलं. "काही नाही, आवाजाची वायर," म्हणाला आणि निघून गेला.

चाचांनी पुठ्ठा घेतला आणि लिहिलं, 'ह्या वायरीत तांबं नाही. आत काचेसारखी तार. आवाज उजेडातून जातो.'

"चाचा, माझी चेष्टा करू नका," मी म्हटलं.

"अल्लाकसम. माझ्याकडं त्यातला पीस दुरुस्तीला आला नाही, नायतर दाखवलं असतं," चाचा म्हणाले. "आवाज आत जाताना उजेड होतो. पलीकडं निघताना परत आवाज होतो."

मी वहीत लिहून घेतलं, पण मनाला पटलं नाही. आवाज म्हणजे मला न येणारी गोष्ट, आणि उजेड म्हणजे ज्यावर माझं सगळं चालतं. दोन्ही एका वायरीत कशी काय असणार? तरी पाठ केलं. परीक्षेत विचारलं तर बोलायला हवं.

खंडेनवमीला दुकानात पूजा असायची. अण्णांची पद्धत अशी की दुकानातली सगळी हत्यारं आणि सगळ्या वायरी सोडवून पाटावर मांडायच्या. स्क्रूड्रायव्हर, पकडी, चाचांचं मीटर, रिमोटांचा ढीग, वायरींची वेटोळी. मी ताट धरून उभी आणि अण्णा कालवलेल्या ओल्या हळदी-कुंकवात बोट बुडवून एकेका वस्तूला लावणार. वायर असली तर तिच्या टोकाला लावायचं, कारण त्यांच्या वडिलांपासून कुदळ-फावड्याच्या तोंडाला लावायची रीत होती आणि वायरीचं तोंड म्हणजे तिचं टोक, असा त्यांचा हिशेब. दरवर्षी असंच चालायचं आणि कधी काही बिघडलं नाही. झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला, पेढे वाटले.

"अण्णा, माझी परीक्षा?" मी विचारलं.

"आज पूजा हाय. उद्या बघू."

दसऱ्याला मी साडेसातलाच हजर. घरातून नवी साडी नेसून आले होते आणि वही पिशवीत होती. निवास वायरी जोडत होता. त्यानं मोठा टीव्ही मधोमध लावला, खाली होम थिएटर, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. टीव्हीला झेंडूचं तोरण.

"अण्णा, आता घ्या परीक्षा. गिऱ्हाईक यायच्या आधी घ्या," मी म्हटलं.

अण्णा शटरला हार घालत होते. तोंड तिकडं करून काहीतरी बोलले.

"काय म्हणालात?"

"काही न्हाई," अण्णा वळून म्हणाले. "आज गर्दी हुणार. तू आत ऱ्हा. पुढच्या वर्षी बघू."

माझं डोकं सणकलं. सव्वा महिना मी भाकरी थापतानासुद्धा वही समोर उभी करून ठेवली होती. परीक्षेत नापास झाले असते तर गप्प बसले असते, पण परीक्षाच घ्यायची नाही ही कुठली रीत? मी आत गेले आणि पिशवी आपटली. चाचांनी चहाचा कप पुढं केला, मी घेतला नाही.

"आता काय करणार?" चाचांनी विचारलं.

"परीक्षा देणार. ते घेवोत नाहीतर न घेवोत."

मागच्या खोलीला आणि शोरूमला मध्ये काच होती. साडेआठला पहिलं गिऱ्हाईक आलं, उपाध्ये सर. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. हातात छोटी डायरी. चाळीस वर्षं फळ्यासमोर बोललेला माणूस, शब्द न् शब्द तोंड भरून उच्चारायचे. काचेमागून, वीस फुटांवरून मला त्यांचं सगळं कळत होतं.

"एचडी रेडी आणि फुल एचडी, यात नेमका फरक काय?" सरांनी विचारलं.

निवासच्या मिशा हलल्या. सरांनी डायरीत काहीच लिहिलं नाही, म्हणजे उत्तर फुसकं निघालं.

"उत्तम म्हणजे कसं उत्तम? मला समजल्याशिवाय मी घेत नाही," सर म्हणाले. "बरं, ते असू दे. थिएटरचा आवाज ऐकवा. मी त्यासाठीच आलोय."

निवासनं रिमोट दाबला. पडद्यावर चित्र आलं, हिरवं जंगल, दगडांवरून उतरणारं पाणी. सर, निवास आणि अण्णा, तिघंही थोडे पुढं झुकले आणि तसेच राहिले. ज्यांना ऐकू येतं त्यांना आवाज आला की त्यांचा चेहरा जरा सैल होतो. तो कुणाचाच झाला नाही. निवासनं रिमोट परत दाबला, मग जोरात दाबला. थिएटर बंद करून चालू केलं. स्पीकरच्या वायरी काढून घातल्या. अण्णांनी कानामागं हात धरला. आवाज येत नव्हता, हे मला त्या काचेमागून स्पष्ट दिसत होतं.

निवासनं टीव्हीचा स्वतःचा आवाज सुरू केला असावा, कारण सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "हा टीव्हीचा झाला. मी थिएटरबद्दल विचारतोय. दसऱ्याच्या दिवशी बंद पडलेलं यंत्र घेऊन घरी कसा जाऊ? मी चौकातल्या दुकानात बघून येतो."

अण्णांचा चेहरा उतरला. दसऱ्याची भवानी, आणि पहिलंच गिऱ्हाईक रिकाम्या हातानं पायरी उतरणार. त्यांना वर्षभर ते खुपलं असतं.

मी पुसायचं फडकं उचललं आणि दार ढकलून पुढं गेले.

"सर, पाच मिनिटं थांबा," मी म्हटलं. "मी बघते."

अण्णा माझ्याजवळ आले. त्या वेळी मात्र ओठ अगदी स्पष्ट हलले. "वैजू, आत जा. हे आवाजाचं काम हाय. तुला ऐकू येत न्हाई, तू काय बघणार?"

"जे तुम्हाला ऐकू येत नाही ते मलाही येत नाही. आत्ता आपण सगळे सारखेच आहोत," मी म्हटलं आणि टीव्हीच्या पाठीमागं गेले.

तिथं मला कुणाला काही विचारायची गरज नव्हती. एचडीएमआय रिकामी. लाल-पांढरी लावलेलीच नाही. टीव्हीकडून थिएटरकडं एकच वायर जात होती, ती बारीक, चौकोनी टोकाची. ऑप्टिकल. चाचांचं लिखाण आठवलं. आवाज उजेडातून जातो. मग उजेड असेल तर दिसायला हवा, आणि बघण्याच्या कामात मी कुणाला हार जाणारी नव्हते.

थिएटरकडचं टोक काढलं आणि हाताच्या ओंजळीत अंधार करून बघितलं. काहीच नाही. मग टीव्हीकडचं टोक काढलं आणि ते इवलंसं दार नखानं उघडलं. आत लाल उजेड होता. उदबत्तीच्या टोकाएवढा, पण लखलखीत. मी बघतच राहिले. त्या जंगलातल्या पाण्याचा आवाज त्या क्षणी तिथं माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि कान गेल्यापासून पहिल्यांदा एखादा आवाज माझ्यापर्यंत गोधडीखालून आला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, बाई, रडायला सबंध रात्र आहे, आधी काम कर.

उजेड टीव्हीतून निघत होता आणि वायरीच्या पलीकडं पोचत नव्हता. म्हणजे मध्ये काहीतरी आडवं आलं होतं. मी वायरीचं टोक खिडकीकडं धरलं. टोकावर वाळलेलं, पिवळं-तांबडं, जाडसर काहीतरी होतं.

कालचं ताट मीच धरलं होतं. बोट कुणाचं होतं हेही मला माहीत होतं.

फडक्याचा स्वच्छ कोपरा जरासा ओला करून टोक हलक्या हातानं पुसलं, कोरड्यानं परत पुसलं. टीव्हीत घातलं. पलीकडचं टोक ओंजळीत धरलं, तर तळव्यावर लाल ठिपका पडला. तसंच ते टोक थिएटरच्या भोकात नीट बसेपर्यंत दाबलं.

आवाज आला हे मला तिघांच्या तोंडावरून कळलं. निवास दचकून मागं सरकला, त्यानं आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता. सर हसले. अण्णांनी छातीवर हात ठेवला.

"काय झालं होतं?" सरांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. धूळ म्हटलं असतं तर अण्णांची लाज राहिली असती. पण ज्या माणसानं समजल्याशिवाय घेणार नाही असं सांगितलं, त्याला मी खोटं कशाला सांगू?

"पूजेचं कुंकू, सर," मी फडकं दाखवलं. "बाकीच्या वायरी तांब्याच्या असतात. त्यांच्या टोकाला कुंकू लागलं तरी आत जाताना घासून निघतं, वीज पुढं जाते. ही ऑप्टिकल. हिच्यातून आवाज उजेड होऊन जातो. उजेडापुढं कुंकवाचा ठिपका आला की पलीकडं अंधार."

सरांनी डायरी उघडली आणि ते लिहून घेतलं. निवास जमिनीकडं बघत होता. अण्णा माझ्या हातातल्या फडक्याकडं बघत होते. मग त्यांनी स्वतःचं बोट बघितलं. हळदीचा पिवळा डाग अजून नखाशी होता.

"माझंच काम हे," ते सरांना म्हणाले. "वडलांची रीत. वायरीला तोंड कुठलं आन् डोळा कुठला, मला काय म्हाईत."

मी पुढं आले आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर तळवा ठेवला. हाताला थरथर लागली, बारीक, न थांबणारी. माझ्या मशीनमधून नुसती घरघर येत होती.

"काय वाजतंय?" मी विचारलं.

"काही नाही, डेमो आहे," निवास म्हणाला. मिशांआडूनसुद्धा ते दोन शब्द मला कळले.

"थांब रे," अण्णा म्हणाले.

ते दारापर्यंत गेले, तोंडातलं पान थुंकून आले, रुमालानं तोंड पुसलं. मग माझ्यासमोर, दारातून येणाऱ्या उजेडात, तोंड माझ्याकडं करून उभे राहिले. सहा वर्षांत ते असे कधी उभे राहिले नव्हते.

"पाणी हाय," ते म्हणाले. एकेक शब्द सुटा करून, पण ओरडून नाही. "पयलं लांब वाटतंय. मग जवळ येतंय. दगडावर पडतंय तवा ठप ठप असा आवाज होतोय. उजव्या अंगाला पाखरू वरडतंय. कोकिळा न्हाई, बारकं कायतरी. मधीच वारा सुटतोय, पानं वाजत्यात."

मी त्यांच्या ओठांवरची नजर काढली नाही. सर डायरी मिटून उभे होते. कुणालाच घाई नव्हती.

"आणि मागच्या स्पीकरमधून?" मी विचारलं.

अण्णा मागच्या कोपऱ्यात गेले, स्पीकरला कान लावला, बराच वेळ ऐकत राहिले आणि परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बेडूक," ते म्हणाले. "एक न्हाई, दोन हायत. एक गप झाला की दुसरा वरडतोय."

मी मान हलवली. फडकं काउंटरवर ठेवलं, पिशवीतली वही आणायला आत गेले नाही, कारण तिची गरज नव्हती. उपाध्ये सरांकडं वळले.

"हं सर, फुल एचडी," मी म्हटलं. "काकू रांगोळी काढतात का घरी?"